चेसीला जोडलेली खाट

"नर्सबाई मुक्ताबाई कुठं राहते?" असं कुणी इचारलं की म्या सांगायचो, "गाडीत." ऐकणाऱ्याला वाटायचं, सिदू ड्रायव्हर चेष्टा करतोय. चेष्टा कसली डोंबलाची! एवढ्या गावांत, एवढ्या माळवदाच्या घरांत त्या बाईला भाड्यानं एक खोली मिळंना, म्हणून ती गाडीत राहायची. अन् ती गाडी चालवायचं काम माझं.

गाडी तरी काय, यष्टीनं लिलावात काढलेली जुनी बस. आमच्या सहकारी संघानं ती घेतली, आतली बाकडी उपटली. पुढं तपासायचं टेबल अन् औषधाचं कपाट. मागं पडदा, पडद्याआड एक लोखंडी खाट अन् स्टो ठेवायला फळी. बाहेरनं ठळक अक्षरात लिहिलं, "फिरता दवाखाना". डॉक्टरनं गावोगाव मुक्काम करावा म्हणून ही सोय. डॉक्टर कसला मुक्काम करतोय! तो जीपमधनं यायचा, सही ठोकायचा अन् उन्हं कलायच्या आत आपल्या घरी. मग त्या खाटेवर मुक्ताबाई निजायची, अन् म्या खाली चाकाजवळ घोंगडं टाकून.

मुक्ताबाईची गोष्टच न्यारी. बाप छप्पन साली बौद्ध झालेला. बहात्तरच्या दुष्काळात सगळं घर खडी फोडायला रस्त्यावर, अन् ही त्याच खडीच्या ढिगावर बसून शाळंची पुस्तकं वाचायची. शिकली, नर्स झाली. लोक म्हणायचे नवऱ्यानं टाकली. खोटं हाय! हिनंच नवरा टाकला. "दारू पिऊन हात उचलायचा, मग म्या बी एकदा उचलला," असं सांगायची अन् हसायची. कुणापुढं मान खाली घालणं तिला जमतच नव्हतं. अन् आपल्याकडं मान वर करून चालणाऱ्या बाईला कुणाचं दार उघडतंय?

शहाऐंशी सालचा दुष्काळ. जळकोटच्या पुढं एका गावाला रोजगार हमीचं पाझर तलावाचं काम निघालं, अन् आमची गाडी तिथं मुक्कामाला धाडली. गावाचं नाव सांगत न्हाय. त्यांची पोरं आता शिकली-सवरलीत, त्यांना लाज वाटंल. बाईनं खोली इचारली. समदे गोड बोलायचे, या बसा म्हणायचे, मग हळूच "आडनाव काय म्हणलात?" अन् आडनाव कळलं की खोलीत लगेच भाचा राहायला यायचा, न्हायतर जावयाचं सामान यायचं. एवढे भाचे अन् जावई त्या गावानं लग्नात बी पाहिले नसतील! एका बाप्यानं तर मोठं मन केलं. म्हणाला, "बाई, बैलं इकली औंदा. गोठा रिकामा हाय, ऱ्हावा तिथं." बाई म्हणाली, "अन् बैलं परत आली म्हंजे?" तर म्हणतो कसा, "तवा बघू की." थुत् तुझ्या जिनगानीवर! बैलाची जागा बी तिला उसनी देत व्हता. अन् त्याचीच सून दुसऱ्या दिवशी तापानं फणफणली, तवा सुईसाठी दंड पुढं करून आमच्या गाडीत येऊन बसली. गरज सरो अन् वैद्य मरो, दुसरं काय!

तर घर म्हणून तिला ती गाडीच. अन् गाडी तर आतनं कुजत चाललेली. रोज खाऱ्या पाण्यानं अन् फिनेलनं धुवायची, ते पाणी खाली लोखंडात मुरायचं. चेसीचा, म्हंजे गाडीच्या खालच्या सांगाड्याचा, लांब बार मागच्या चाकाच्या वर चिरला व्हता. फरशीखालचे आडवे बार तर बोटानं दाबले की पापुद्रे निघायचे. रस्त्याला खड्डा लागला की सगळी बॉडी कण्हायची अन् खाटेखालची बाजू बसायची. म्या संघाच्या हापिसात सांगितलं, "गाडी कवा कंबरेत मोडंल सांगता येत न्हाय." मिटिंग झाली. चहा-चिवडा झाला. अन् ठराव काय, तर गाडीला नवा रंग द्या! का, तर मंत्री येणार हाईत. कुजलेल्या लोखंडावर पांढरा-निळा रंग चढला. मेलेल्याला अत्तर लावल्यासारखं झालं.

मंत्री आलेच न्हाईत. मग पुढच्या मिटिंगला ठरलं, गाडी मोडीत काढा. तवा मुक्ताबाई स्वतः चेअरमनकडं गेली. चेअरमन म्हंजे तात्याराव. पांढरंशुभ्र धोतर, बोटात अंगठ्या, अन् तोंडात सदा 'समता' अन् 'सहकार'. जयंतीच्या मिरवणुकीत निळा फेटा बांधून सगळ्यांच्या पुढं. लोकासांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडा पाषाण!

बाई म्हणाली, "साहेब, गाडी मोडली तर म्या राहू कुठं?"

"बघा की गावात एखादी खोली," तात्याराव म्हणाला.

"तुमच्याच माडीवर बघू का? वरची रिकामी हाय म्हणं."

तात्याराव हसला. मोठ्यानं हसला, अन् दुसऱ्याच माणसाशी बोलाया लागला. तेवढ्यातच उत्तर समजलं.

बाहेर आल्यावर बाई म्हणाली, "सिदूभाऊ, गाडी बंडप्पाकडं घ्या. पैसे म्या देते." म्या म्हणलं, "बाई, संघाच्या गाडीला तुमचा पगार कशाला?" ती चिडली. "संघाची असंल तुमच्या कागदावर. राहतंय कोण तीत?" म्या गाडी चालू केली.

बंडप्पा जळकोटला सडकंवर वेल्डिंग करायचा. कानडी हेल काढून बोलणारा, तोंडानं फटकळ, अन् स्वतःच्या कामाची बढाई अशी की ऐकणाऱ्याचे कान किटावे. गाडीखाली सरपटत गेला अन् तिथूनच वराडला, "अय्यय्यो! ही गाडी न्हाय, चाळण हाय! रंग कुण्या शाण्यानं दिला?" नवं अँगल मिळंना, मिळालं तर परवडंना. पर दुष्काळानं एक गोष्ट स्वस्त केली व्हती. बैलं गेली, गाड्या दारात उभ्या राहिल्या, अन् लोकांनी चाकावरच्या लोखंडी धावा काढून भंगारात घातल्या. जळकोटच्या भंगारवाल्याकडं धावांचा ढीग पडला व्हता. बंडप्पानं त्यातल्या निवडून आणल्या, भट्टीत लाल केल्या, घणानं ठोकून सरळ केल्या अन् दोन-दोन एकमेकीला जोडल्या.

बॅटरी सोडवून ठेवली अन् काम सुरू झालं. लाइट यायची-जायची, तसा बंडप्पा उठायचा-बसायचा अन् वीजवाल्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. कुजलं तेवढं कापून टाकलं. चिरलेल्या बाराला दोन्ही अंगानं पट्ट्या मारल्या. तरी मागची बाजू लपलप करायची. मग त्यानं चेसीपासून टपापर्यंत दोन उभे खांब घेतले, अन् त्यांना आडवा ताण कशाचा द्यायचा, तर खाटेचा! खाटेचं लोखंड जाड व्हतं. चारी कोपरे खांबांना अन् खाली चेसीला पक्के जोडून टाकले. "आता ही खाट न्हाय बाई," बंडप्पा म्हणाला, "गाडीचा कणा हाय. हत्ती निजवा वर."

मुक्ताबाई खाटेवर बसली, हातानं लोखंड चाचपलं. म्हणाली, "मला बापाच्या घरात बी हलणारीच खाट व्हती." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिच्या डोळ्यांत पाणी म्या तवाच पाहिलं.

गाडी अशी झाली की खड्ड्यात गेली तरी हूं की चूं न्हाय. ही बातमी चेअरमनच्या कानावर गेली अन् त्याच्या तोंडाला पाणी सुटलं. निवडणूक लागली व्हती. गावोगाव फिरायचं, तर पाठ टेकायला खाट असलेली, चहा करायला फळी असलेली गाडी काय वाईट? मोडीचा ठराव गेला फायलीत. नवा ठराव, गाडी संपर्क दौऱ्यासाठी घ्यावी. आयत्या बिळात नागोबा! बाईला निरोप आला, सामान काढून घ्या. बाई पडद्याआड बसून राहिली, अन् म्या बाहेर बसून तात्यारावाला जेवढ्या येतात तेवढ्या शिव्या देत राहिलो.

दुसऱ्या दिवशी तात्याराव गाडी बघायला आला. संगं चार चमचे अन् बंडप्पाला बी बोलावलेलं. तात्यारावानं पडदा बाजूला सारला, खाट बघितली अन् आतच गेला न्हाय. दारातनंच म्हणाला, "ही खाट काढून दुसरी बसव रं."

"इल्ला, इल्ला," बंडप्पा मान हलवत म्हणाला. "खाट काढली की गाडी बसली. गाडी धरलीय तिनं."

एक चमचा म्हणाला, "तात्या, नवी गादी टाकू की वर. कुणाला काय कळतंय?"

तात्यारावानं आवाज खाली घेतला. म्या मागच्या चाकाजवळच व्हतो, मला नीट ऐकू आलं. "अरं, गादी नवी टाकशील. खाट तर तीच ना? घरात म्हातारी आय मला उंबरा चढू दील का?"

ऐका! माणसाला गाडी पायजे, लोखंड पायजे, बाईच्या पगारानं केलेलं काम पायजे. पर बाई जिथं निजली ती खाट चालत न्हाय. अन् सगळं ढकललं म्हातारीवर. म्हातारी बिचारी कवाच आंधळी झालीय, तिला खाट दिसती व्हय?

मग आवाज चढवून तात्याराव म्हणाला, "आपण आपल्या भगिनीची गैरसोय करायची न्हाय! गाडी मुक्ताबाईंकडंच राहील!" चमच्यांनी टाळ्या पिटल्या. लोकांच्या मनातल्या ज्या घाणीपायी तिला गावात खोली मिळाली न्हाय, त्याच घाणीपायी तिचं घर वाचलं. हसावं का रडावं, मला तर काय सुचंना.

पर एवढ्यावर थांबंल तो पुढारी कसला! त्यानं त्याचा बी कार्यक्रम केला. मांडव, भोंगा, पेपरवाला. "चेअरमनसाहेबांकडून नर्स भगिनीस गाडी अर्पण." तिचीच गाडी तिला अर्पण! तलावावरची सगळी माणसं बोलावलेली. तात्यारावानं समतेवर भाषण ठोकलं, भाषण संपल्यावर प्लेटभर भजी खाल्ली. मग मुक्ताबाईला आभार मानायला सांगितलं. ती माईकपुढं गेली अन् म्हणाली, "साहेबांनी मला घर दिलं. घर दिलेल्या माणसानं घरात पाय ठेवल्याबिगर जाऊ नये. साहेब, आत चला, च्या घ्या."

तात्याराव म्हणाला, "घेतला असता बाई. पर आज माझा उपास."

"उपासाला च्या चालतो, साहेब," बाई म्हणाली.

मागनं कुणीतरी खिंकाळलं, "अन् भजी बी चालत्यात!" सगळा मांडव हसला. पेपरवाल्यानं क्यामेरा वर केला. आता न्हाय म्हणावं तर निळ्या फेट्याची मतं जात्यात, व्हय म्हणावं तर... बसला की कात्रीत! चढला गाडीत. त्या खाटेच्या कडेला असा टेकला, जसं खाली निखारे हाईत. बाईनं स्टोवर च्या केला, कपबशीत दिला. त्यानं तो एरंडेल घ्यावं तसा घेतला. चमचे बी शेजारी दाटीनं बसले अन् फोटो निघाला. तात्याराव जीपमधे बसला अन् गेला. म्या बी दोन कप च्या प्यालो, मोठ्यानं भुरके मारत.

संध्याकाळी टँकर यायचा व्हता. बाया घागरी लावून बसल्या व्हत्या, त्यात मुक्ताबाई बी आपली घागर घेऊन उभी. टँकर आला तो उशिरा, अन् जवळजवळ रिकामा. चार घागरी झाल्या न झाल्या, नळी कोरडी. टँकरचा ड्रायव्हर गोरोबा खाली मान घालून सांगाया लागला. तात्यारावाची जीप वढ्याच्या पुलावर आडवी लावलेली. टँकर थांबवला, कॉक सोडाया लावला, अन् धोतर-अंगरख्यासकट तात्याराव त्याखाली बसला. डोक्यावरनं अंघोळ. त्याचं झाल्यावर फोटोत संगं बसलेले चमचे बी बसले. पिण्याचं पाणी, अन् वढ्यातनं वाहून गेलं!

आता बायांनी कुणाला शिव्या द्याव्या? सांगा! तात्यारावाला? छे! गजराबाई म्हणून एक व्हती, तापानं आजारी पडलेल्या त्या सुनेची सासू. ती कंबरंवर हात ठेवून मुक्ताबाईवरच उलटली. "तुला कुणी सांगितलं व्हतं गं त्याला च्या पाजायला? तुझ्या च्यापायी आमची लेकरं तहानली!" झालं, सगळ्याच बाया सुरू झाल्या. माझं डोकं असं फिरलं की वाटलं, ह्यांची मडकी फोडावी.

मुक्ताबाईनं आपली रिकामी घागर खाली ठेवली. मग तशीच वळली, गाडीत गेली. दवाखान्याचं अन् तिचं मिळून पाण्याचं एक पिंप गाडीत व्हतं, सकाळीच जळकोटहून भरून आणलेलं. तिनं मला हाक मारली, आमी दोघांनी ते खाली उतरवलं. झाकण काढलं. बाया एकमेकीकडं बघाया लागल्या.

गजराबाई म्हणाली, "घ्या गं. दवाखान्याचं हाय ते, सरकारी. त्याला काय हुतंय?"

मुक्ताबाईनं पिंपावर आडवा हात धरला. "दवाखान्याचं म्हणून न्हाय मिळणार. हे पाणी माझं हाय. माझ्या घरातलं, माझ्या हातचं. तसं म्हणून घ्यायचं असंल तर भरा. न्हायतर तुमचा चेअरमन अंघोळीला गेलाय तिकडं जा."

कुणी हललं न्हाय. एक लेकरू कडेवर रडत व्हतं. मग गजराबाईनंच घागर पुढं केली. मान वर केली न्हाय. "तुमचंच घाला, मुक्ताबाई," म्हणाली. बाईनं घागर काठोकाठ भरली. मग एकेक करून सगळ्या आल्या, पदर तोंडावर वढून, अन् प्रत्येकीला तेच म्हणावं लागलं. पिंपाचा तळ दिसला. बाईनं आपल्या घागरीला थेंब ठेवला न्हाय.

त्या रातीला कुण्या घरात विटाळाची अंघोळ झाली न्हाय. पाणी प्यालं गेलं.

अन् खोली? खोली त्या गावात तिला शेवटपर्यंत कुणी दिली न्हाय. तिनं बी परत कुणाला इचारली न्हाय.