व्यायला दोन महिने बाकी

जळोचीत आमच्या गल्लीत मला सगळे 'कॉम्प्युटरवाल्या' म्हणतात. कुणाचा प्रिंटर अडला, कुणाच्या फोनमध्ये फोटो मावेनासे झाले, कुणाला ऑनलाइन अर्ज भरायचा असला, की पावलं माझ्या दाराकडे वळतात. मी वेबसाइट बनवते, दुरुस्तीचं दुकान चालवत नाही, हे सांगून सांगून मी दमले. शेजारच्या तात्यांनी तर एकदा मिक्सर आणून ठेवला. मी कपाळाला आठ्या घातल्या, तर म्हणाले, "त्यात बी वायरीच हायत की." एक वायर सुटली होती, ती मी बसवून दिली. तेव्हापासून मिक्सरही माझ्याचकडे येतात.

पुण्यातल्या एका कंपनीचं काम मी घरून करते. धान्याच्या कोठीशेजारी टेबल, त्यावर लॅपटॉप, खाली इन्व्हर्टर, आणि हाताशी काच तडकलेला एक जुना, स्वस्त फोन. कंपनीतले सगळे नवे कोरे फोन बाळगतात आणि त्यांवर त्यांना सगळंच छान दिसतं. माझा नियम साधा आहे: या तडकलेल्या फोनवर जे पान नीट उघडतं, तेच पुढे जातं. बारीक स्क्रीनवर कीबोर्ड वर आला की बटण त्याच्याखाली गडप होतं, ही मी अशीच पकडलेली चूक आहे. अशा चुकांची मी एक वही ठेवली आहे. काय बिघडलं होतं आणि काय बदलल्यावर चाललं, एवढंच त्यात लिहिते. त्या वहीचा मला फार गर्व होता.

पण माझ्याकडचं सगळ्यात चांगलं अवजार या टेबलावर नाही. ते अंथुर्ण्याला माझ्या माहेरी आहे, गोठ्यात. म्हणजे माझी वहिनी. तिला हे वाक्य कळलं तर ती मला अवजारानंच मारेल.

वहिनीकडे पाच गाई. कुठली गाय कधी भरवली, म्हणजे डॉक्टरांनी येऊन कधी इंजेक्शन दिलं, ते ती गोठ्याच्या खांबावर खडूनं लिहायची. एकविसाव्या दिवशी गाय पुन्हा माजावर येते का बघायचं, दोन-अडीच महिन्यांनी ती गाभण आहे का ते तपासायचं, सातव्या महिन्यात दूध काढणं बंद करून तिला आटवायचं, आणि नऊ महिने नऊ दिवसांनी ती व्यायची. हा सगळा हिशोब तिच्या डोक्यात. मी एका दिवाळीत तो खांब बघितला आणि मला राहवेना. दोन रविवार खर्ची घालून मी एक छोटं वेबपेज बनवलं. गाय भरवल्याची तारीख घाला, पुढचं सगळं ते सांगेल.

वहिनीनं ते शेणानं भरलेल्या हातांनी, उन्हात उभं राहून, एका अंगठ्यानं वापरून बघितलं. पाच मिनिटांत माझ्या कामाच्या चिंधड्या उडाल्या.

"ताई, उनात कायबी दिसत न्हाय ह्यात. आन् ह्ये गाईला नंबर कशापायी? नंबर कोन ध्यानात ठिवतंय? फोटू लावा तिचा, तोंडाचा."

मला राग आला. माझा राग नाकावरच असतो. पण घरी येऊन मी अक्षरं काळी आणि ठसठशीत केली, नंबर काढून फोटो लावले, बटण भाकरीएवढं केलं. पुढच्या खेपेला तिनं तारखेचं सांगितलं. कॅलेंडर उघडून मागे मागे जायला फार बोटं फिरवावी लागतात. ते मी सुधारलं, आणि जाता जाता स्वतःच्या हुशारीनं एक भर घातली. तारखेच्या चौकोनात आजची तारीख आपोआप भरलेली दिसेल, अशी सोय केली. लोकांचे कष्ट वाचतील, असं मला वाटलं. एका ओळीचं काम होतं.

पुण्यातल्या कंपनीत पानं तपासायला पगारी माणसं आहेत. त्यांच्यापैकी कुणीही वहिनीच्या पासंगाला पुरत नाही. ती कधी "छान आहे" म्हणत नाही आणि कधी "वाईट आहे" म्हणत नाही. ती फक्त सांगते, की मी हे करायला गेले आणि हे झालं. इतक्या वर्षांत मला एवढं स्वच्छ बोलणारं दुसरं माणूस भेटलेलं नाही.

वहिनीचं बघून वस्तीवरच्या बायकांनी ते पान घेतलं. सगळ्या त्याला ॲप म्हणायच्या. ॲप नाही, वेबपेज आहे, असं मी दोन-तीनदा सांगितलं आणि नाद सोडला. त्यात वहिनीच्या शेजारच्या मावशी होत्या. मावशींचं घर मूळचं मेंढरांचं. आता मेंढरं गेली, थोडी शेती उरली, नवरा आणि मुलगा दोघंही सकाळी कंपनीत कामाला जातात, रविवारीसुद्धा. मावशींनी एक वासरू विकत घेऊन वाढवलं होतं. त्यांच्या दारातली ही पहिली गाय, आणि तिचं हे पहिलंच वेत, म्हणजे पहिलंच बाळंतपण. मावशी तिच्याशी बोलायच्या, तिला रागवायच्या, तिच्या कपाळाला कुंकू लावायच्या. गाय गाभण असल्याचं डॉक्टरांनी सांगितलं त्याच दिवशी त्यांनी तिचा फोटो माझ्या पानावर चढवला होता. सगळ्यात सुंदर फोटो त्यांचाच होता.

यंदाच्या हिवाळ्यात एका रविवारी सकाळी वहिनीचा फोन आला.

"ताई, तुमचं ॲप खोटं बोलतंय."

मी चहा पीत होते. "काय झालं?"

"मावशीच्या गाईला व्यायला दोन महिने बाकी म्हनतंय. मावशी निघालीया पिंपळीला, लेकीकडं. नातीचं बारसं हाय आज, आठ दिस ऱ्हानार म्हनली. पिशवी घिऊन निरोप द्यायला आली माझ्याकडं. मी सहज गाय बघाया गेले. कास तटतटलीया, मागची हाडं सैल पडलीत. दोन महिने कशाचे? ही आज-उद्याची गाय हाय."

"वहिनी, हिशोब चुकणार नाही. मावशींनीच तारीख चुकीची घातली असेल."

हे मी फार ठसक्यात म्हटलं. "घातली आसंल," ती म्हणाली. "मी मावशीला थांबवून घेतलंय. तुमी बघा."

मी लॅपटॉप उघडला. मावशींच्या गाईची नोंद काढली. नोंद कुठल्या दिवशी झाली ते एका रकान्यात, गाय भरवल्याची तारीख शेजारच्या रकान्यात. दोन्ही एकच. मी खालच्या गाईची बघितली. तीही एकच. तिच्या खालची, तिच्याही खालची. वहिनीच्या पाच गाई सोडल्या तर जवळजवळ सगळ्या गाई, ज्या दिवशी त्या त्या बाईनं पान पहिल्यांदा उघडलं, नेमक्या त्याच दिवशी भरवलेल्या. हिशोब बरोबर होता. पण तारखा कुणी घातल्याच नव्हत्या, त्या मीच घालून ठेवल्या होत्या.

आंघोळ तशीच ठेवून मी स्कूटर काढली. इंदापूर रस्त्याला उसाचे ट्रॅक्टर एकामागं एक. पिंपळी मागे गेली, तेव्हा मावशी बारशाला निघाल्या होत्या ते गाव हेच, हे मनात आलं आणि फार वाईट वाटलं. मावशी गेल्या असत्या तर घरात दिवसभर कुणी नसतं. गाय एकटी, पहिलं वेत, आणि फोनवर ठसठशीत अक्षरांत दोन महिने बाकी.

मी पोचले तेव्हा गाय उठबस करत होती. वहिनीनं खाली उसाचं कोरडं पाचट पसरलं होतं, गरम पाणी ठेवलं होतं, डॉक्टरांना फोन लावला होता. ते दुसऱ्या गावी अडकले होते. मावशी ठेवणीतलं लुगडं नेसून, कमरेला पदर खोचून गाईच्या तोंडाशी बसल्या होत्या. त्यांचा फोन सारखा वाजत होता. लेक होती. "येते गं, येते," म्हणून त्या ठेवत होत्या.

"ताई, मधी येऊ नगा, नुस्तं उभं ऱ्हावा," वहिनी म्हणाली. मी राहिले.

दुपारी वासराचे पुढचे दोन पाय दिसले आणि काम तिथेच अडलं. गाय कळा देऊन थकली. वहिनीनं कोपरापर्यंत हात धुतले, तेल लावलं, आत चाचपून बघितलं. "तोंड सरळ हाय," ती म्हणाली, आणि मला जरा श्वास घेता आला. मग तिनं ते पाय धरले. गाय कळ द्यायची तेव्हाच ती खाली ओढायची, गाय थांबली की तीही थांबायची. एकदाही घाई नाही, एकदाही आवाज चढला नाही. मी आयुष्यात पुष्कळ हुशार माणसं कामाला भिडलेली बघितली आहेत. असं काम मी कुणाचंच बघितलेलं नाही, आणि ते बघताना मला माझ्या वहिनीबद्दल जो अभिमान वाटला तो अजून तिला सांगायचा राहिला आहे.

वासरू पाचटावर पडलं. वहिनीनं त्याच्या नाकातोंडातला चिकटा बोटांनी काढला, काडीनं नाकपुडी डिवचली. ते शिंकलं. कालवड होती. मावशी रडायला लागल्या, आणि गाय उठून वासराला चाटायला लागली.

जीव भांड्यात पडल्यावर मी मावशींपाशी बसले. "मावशी, तारीख घालताना काय झालं होतं?"

"काय हुनार? कवा भरली ती ध्यानात नव्हतं मला. जत्रंच्या आसपास, येवढंच. तर त्या चौकोनात आधीच तारीख लिवलेली. म्हनलं, शिकल्याली मान्सं हायत, डॉक्टरकडनं कळलं आसंल त्यांला."

ती तारीख मीच घातली होती, असं मी त्यांना सांगितलं.

"आन् कास मला बी दिसत हुती की," मावशी म्हणाल्या. "मेंढरात जल्म गेला माझा, मला कळत न्हाय व्हय? चार दिस झालं वाटत हुतं, आता व्येनार ही. पर फोन म्हनायचा दोन महिने. मी म्हनलं, माझंच चुकत आसंल."

हे मात्र मला लागलं. चुकलेली तारीख दुरुस्त करता येते. चार दिवस एक बाई स्वतःचे डोळे खोटे ठरवत होती, आणि ते मी तिला करायला लावलं होतं.

वासरामागून येणारी वार, म्हणजे गर्भाचं आवरण, पडायची वाट बघत वहिनी गोठ्यात बसली. मी पेंडीच्या पोत्यावर लॅपटॉप ठेवून ती एक ओळ काढून टाकली. तारखेचा चौकोन रिकामा झाला. शेजारी 'नक्की आठवत नाही' असं एक बटण घातलं. ते दाबलं तर पान अंदाज सांगणार नाही, गाय डॉक्टरांना दाखवा एवढंच म्हणेल. मग मी सगळ्या खोट्या तारखा पुसल्या. फोटोंखाली आता काहीच नव्हतं. इतक्या दिवसांची माझी मिजास त्या रिकाम्या पानाबरोबर गेली.

वहिनी वाकून बघत होती. "झालं?"

"झालं."

"आन् ज्या बायांनी ह्ये वाचून गाई आटवल्या न्हाईत, त्यांचं काय? त्यांला कोन सांगनार?"

मी म्हटलं, पानावर सूचना लावते. वहिनीनं नुसतं माझ्याकडे बघितलं. तिचं ते बघणं मला पाठ आहे. मी फोन घेतला आणि एकेकीला लावला. मी काकुळतीला येऊन सांगत होते की तारीख तुम्ही घातलेली नव्हती, मी घातली होती, चूक माझी आहे, आज गाईची कास बघा. एकीनं शिव्या घातल्या. मी ऐकून घेतल्या. दोघींनी सांगितलं, की त्यांनी त्या तारखेवर कधीच विश्वास ठेवला नव्हता, फक्त गाईचा फोटो बघायला त्या पान उघडायच्या. ते शिव्यांपेक्षा जास्त झोंबलं. एकीची गाय मात्र सात महिने उलटूनही दूध देत होती. तिचं दूध काढणं वहिनीनं दुसऱ्या दिवशी स्वतः जाऊन बंद करवलं.

वार पडली, वासरानं पहिल्या दुधाचा चीक पिऊन घेतला. वहिनी मावशींना म्हणाली, "आता जावा तुमी. बारसं सांजचं हाय न्हवं? ताई सोडतील पिंपळीला, त्यांच्या वाटंवरच हाय. संध्याकाळी धार मी काढते, आठ दिस काढते. कायबी घोर करू नगा."

मावशींनी तोंड धुतलं, पिशवी उचलली. स्कूटरपाशी आल्या आणि थबकल्या.

"ताई, वासराचं लिवायचं ऱ्हायलं की ॲपात."

मला वाटलं नव्हतं त्या पुन्हा कधी ते उघडतील. त्यांनी उघडलं. ओल्या वासराचा फोटो काढला, तो चढवला, आणि जन्मतारखेच्या रिकाम्या चौकोनाशी येऊन थांबल्या. मग फोन माझ्यापुढे धरला. "ह्यात कायच न्हाय."

"मला काही माहीत नाही मावशी. तुम्ही सांगायचं."

त्यांनी एकदा गोठ्याकडे बघितलं.

"मंग मीच लिवते की. मी हुते तितं."