चंदेऱ्याचं आतडं आणि मोरचुदाची बादली

गेल्या रविवारी मी मुखेडजवळच्या गावी ताईकडे होते. सकाळी चहा ठेवला आणि शेततळ्याकडून दाजींची हाक आली... आवाजच वेगळा होता.

ताई आणि मी पळत गेलो. पाणी हिरवंगार झालेलं, आणि मासे वर येऊन नुसती तोंडं उघडत होते. काही उलटे तरंगत होते. बोटाएवढी पिल्लं आणून ताईनेच त्यांना वाढवलेलं.

दाजींच्या हातात मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, कालवलेली बादली. "हे हिरवं खाऊनच मरून राहिलेत. शेवाळच मारून टाकतो!"

मी नांदेडला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. एवढं शेवाळ एकदम मेलं तर सडताना पाण्यातला उरलासुरला ऑक्सिजनही खाणार, हे ठाऊक होतं. पण शेवाळच विषारी असेल तर?

"दाजी, थोडं थांबा. एक मासा बघू द्या."

"मासे मरून राहिले अन् तू फाडून काय बघून राहिली?"

तरी नुकताच मेलेला एक चंदेरा, म्हणजे सिल्व्हर कार्प, मी कापला. या माशाला जठर नसतं. तो शेवाळ घशातल्या दातांनी चिरडतो, आणि मग अंगापेक्षा कितीतरी लांब, वेटोळ्यांच्या आतड्यात ते हळूहळू पचतं. भाचीला दाखवायला आणलेला छोटा मायक्रोस्कोप गाडीतच होता.

आतड्याच्या सुरुवातीला भरलेल्या हिरव्या पेशी. शेवटाकडे बहुतेक नुसती रिकामी, फुटकी टरफलं... म्हणजे पचत होतं! निदान या माशाला तरी शेवाळ अन्नासारखंच अंगी लागत होतं. मग घोटाळा श्वासाचा असणार; रात्रभर एवढं शेवाळही पाण्यातला ऑक्सिजन ओढत असतं.

"विष न्हाई दाजी, हवा कमी पडतेय. पाणी उडवा!"

लाईट नव्हती, त्यामुळे मोटर बंद. दाजींनी बादली लांब नेऊन ठेवली आणि ते शेजाऱ्यांचं डिझेल इंजिन आणायला धावले.

पाण्याची धार उंचावरून तळ्यात पडू लागली. बऱ्याच वेळाने ताई पुटपुटली, "खाली जायलेत बघ..." तोंडं एकेक करून दिसेनाशी होत होती. काही मासे गेलेच, पण बहुतेक वाचले.

माझं निदान चुकलंही असतं. मी स्वतः घाबरलेले होते, आणि ते दाजींना दिसत होतं... तरी त्यांनी माझ्या शब्दावर हात आवरला. एवढा विश्वास मला आजवर कुणीच दिला नव्हता.