सीमुर्गचा डोळा

केरमानकडच्या आमच्या रावर गावात मागावर बसणाऱ्या बायका पुष्कळ, पण आमच्या कारखान्यात नक्षीचा कागद मोठ्यानं वाचून दाखवणारी मी एकटीच. "दोन तांबड्या, एक सोडून निळी, पुढं पाच मोतिया," असं मी म्हणायचे आणि एशरत नि बेमानी या दोघी बहिणी हेल काढून "बांधल्या गं खावर" म्हणायच्या. कागदावरचा एक चौकोन म्हणजे गालिच्यातली एक गाठ. चौकोन चुकला की गाठ चुकली. आमचे कागद उस्ताद रजबअली काढायचे, आणि त्यांचा चौकोन कधी चुकला नाही.

ही गोष्ट त्यांच्या मुलीची, तूबाची.

तूबा मुलींच्या शाळेत दुसरीला शिकवायची. चौतिशी उलटलेली, लग्न झालं नव्हतं, आई लहानपणीच गेली. बापाचे रंग खलणं, कुंचले धुणं, कागदावर चौकोन आखणं, सगळं तिच्याकडे. पण कुंचला कागदाला टेकवायची तिला मुभा नव्हती. "आधी बघायला शीक," उस्ताद म्हणायचे. वीस वर्षं ती बघतच होती.

इराकशी चाललेल्या युद्धाचं सहावं वर्ष होतं. आमचे मालक हाजी फतहुल्ला यांनी सीमुर्गचा गालिचा लावला होता. डोंगरावर टाकून दिलेलं पांढऱ्या केसांचं बाळ जिनं आपल्या पिलांत वाढवलं, ती पक्षीण. खालच्या कोपऱ्यात घरटं, घरट्यात ते बाळ, आणि वर ती पसरलेली. गालिचा खालून वर विणतात. घरटं झालं, बाळ झालं, पंख झाले, त्यात आठ महिने गेले. डोकं उस्ताद नेहमीच शेवटी काढायचे. आम्ही मानेपर्यंत आलो आणि त्यांना झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. शेवटचे कागद कोरेच राहिले.

हाजी तिसऱ्या दिवशी उस्तादांच्या घरी गेले. मीही होते. उस्ताद गादीवर पडून छताकडे बघत होते.

"केरमानहून नक्षीवाला बोलावतो," हाजी म्हणाले. "काठावर नाव मग त्याचंच विणावं लागेल. इलाज नाही."

"मी काढते," तूबा म्हणाली.

हाजींनी तिच्याकडे नीट बघितलंही नाही. "तूबा खानम, पोरींना अक्षरं गिरवायला लावणं वेगळं. सीमुर्गची कोंबडी झाली तर मी काय तोंड दाखवू?"

"रोज सकाळी दिवसभराच्या सोळा ओळी देते. शाळेला सुट्टी आहे."

हाजींनी जपमाळ खिशात टाकली. "माग एक दिवस रिकामा राहिला, की केरमानचा माणूस आला म्हणून समज."

उघड्या राहिलेल्या बाटल्यांतले रंग तोवर सुकून खडे झाले होते, आणि लढाईमुळं नवे कुठं मिळत नव्हते. तूबानं शाळेची रंगीत पेन्सिलींची पेटी काढली. चोवीस रंग. सोळा ओळींची पहिली पट्टी आली तेव्हा एशरत ओढणीआड हसली. "खावर, हे तर पोरींच्या वहीतलं चित्र." पण मी वाचायला लागले आणि अडखळले नाही. चौकोन स्वच्छ होते. जिथं दोन रंग भेटत होते तिथं तिनं पेन्सिलीला इतकं टोक केलं होतं, की रेघ केसासारखी.

रिवाज असा पडला: पट्टी पुरी झाली की ती बापासमोर धरायची. त्यांनी दोन्ही डोळे मिटले तर ठीक. डाव्या हातानं जमिनीवर ठोकलं तर नाही. मानेच्या पिसांच्या दोन पट्ट्या त्यांनी ठोकून परत पाठवल्या. दोन्ही वेळा तिनं पुन्हा भरल्या आणि सकाळी वेळेवर आणल्या. बोटांना घट्टे पडले. तांबडी पेन्सिल नखाएवढी उरली, ती काडीला बांधून वापरायची.

सातव्या दिवशी चोच आणि डोळा आला. त्या सकाळी हाजी स्वतः कारखान्याच्या दारात उभे होते. तूबा धापा टाकत आली, अंगावरच्या चादरीखालून पट्टी काढली, माझ्या हातात दिली आणि माझ्याकडे न बघता निघून गेली. मी फळीवर पट्टी लावली. पक्षीण वर, आभाळाकडे बघत होती. रुबाबदार होती. पण मला काहीतरी खटकलं. काय ते समजेना. वाचणारीनं वाचावं, विचार कशाला करावा, असं म्हणून मी सुरुवात केली. त्या दिवशी मी थांबले असते तर पुढचं टळलं असतं. हे मी तूबाजवळ पुढं कबूल केलं.

आणखी चार दिवस गेले. आम्ही तुऱ्याला लागलो होतो. भर सकाळी दार उघडलं आणि तूबा आत आली. चेहरा चुन्यासारखा.

"हात थांबवा," ती म्हणाली. "खावरखाला, वाचू नका."

हाजी आतून आले. "काय झालं?"

"डोकं चुकलंय. डोळ्याची पट्टी मी बाबांना न दाखवता आणली. ते झोपले होते."

"मग?"

"झोपले होते हे निमित्त. उठवता आलं असतं. नाही म्हणतील म्हणून भ्याले, आणि तुम्ही दारात उभे होता. पुढच्या पट्ट्याही दाखवल्या नाहीत. आज सगळ्या त्यांच्यासमोर मांडल्या. त्यांनी ठोकलं. मी विचारलं, रंग? नाही. चोच? नाही. मग त्यांनी बोट डोळ्यावर ठेवलं आणि खाली ओढलं. कागद संपला तरी ओढतच राहिले, पार जमिनीपर्यंत. खाली काय आहे, हाजीआगा? बाळ आहे. ती बाळाकडे बघत नाहीये."

सगळ्यांची नजर मागाकडे गेली. आठ महिन्यांपूर्वी विणलेलं ते बाळ मागाच्या खालच्या दांड्यावरच्या गुंडाळीत पार आत गेलं होतं. पण मला ते आठवलं, हात वर केलेलं. त्या दिवशी काय खटकलं होतं तेही कळलं.

"डोळ्यातल्या चार गाठी सुईनं बदलून घे," हाजी म्हणाले.

"डोळ्यानं भागत नाही. मान वळायला हवी. चोच खाली यायला हवी. सहा दिवसांचं काम उसवावं लागेल."

"शहाण्णव ओळी." हाजींचा आवाज चढला नाही, त्यामुळं जास्त भीती वाटली. "बाई, पेन्सिलीला रबर असतं. लोकरीला नसतं."

"सुरी असते ना, हाजीआगा," बेमानी मागावरून म्हणाली. "उसवायचं तर आत्ता सांगा, बसून बसून माझे पाय बधिर झालेत."

"तू गप्प बस. आणि घेणाऱ्याला काय कळणार आहे?"

"त्याला नाही कळणार," तूबा म्हणाली. "काठावर नाव बाबांचं राहणार. केरमानचा माणूस बोलवायचा तर बोलवा, पण हे डोकं तसं ठेवून नाव घालू नका."

हाजी मागापाशी गेले. तुऱ्यावरून हात फिरवला.

"शुक्रवारपर्यंत उसवा," पाठमोरेच म्हणाले. "ताण्याचा धागा तुटला, तर मात्र माझ्यासमोर येऊ नको."

विणण्यापेक्षा उसवणं अवघड. प्रत्येक गाठ सुरीच्या टोकानं सोडवायची, आणि ते टोक ताण्याच्या उभ्या धाग्याला लागू द्यायचं नाही. तूबा दोघी बहिणींच्या मधे बसली. तीन दिवस कुणी गाणं म्हटलं नाही, चहा गार होत राहिला. दुसऱ्या दिवशी दुपारी टक्क असा बारीक आवाज झाला. तूबाच्या समोरचा धागा तुटून दोन्हीकडे ओढला गेला होता.

तेवढ्यात हाजी जिन्यावरून खाली आले. त्यांनी धागा बघितला, तूबाच्या हातातली सुरी बघितली. मग जोडे काढले आणि विणायला बसायच्या फळीवर चढले. "वरचं टोक मी धरतो. एशरत, नवा धागा आण. ढिला ठेवू नकोस, सुरकुती पडेल." ते लहानपणी मागावर बसायचे हे आम्ही ऐकून होतो. हात बघून खरं वाटलं. गाठ बसल्यावर उठले, जोडे घातले आणि वर गेले.

नव्या पट्ट्या तूबानं रात्री जागून गुरुवारी पुऱ्या केल्या. दाखवायला एकटी जायला धजेना, म्हणून मी सोबत गेले. तिनं पट्ट्या जोडलेला कागद बापासमोर धरला. पक्षिणीची मान वळलेली, चोच पिसांत टेकलेली, डोळा खाली. उस्तादांनी बघितलं. ठोकलं नाही, डोळेही मिटले नाहीत. बाहेर कुणीतरी गाढव हाकत गेलं. तूबाचे हात भरून आले, तरी तिनं कागद खाली घेतला नाही.

मग त्यांनी डोळे मिटले. ते इतका वेळ मिटलेले राहिले, की मी उठून नाकाशी हात धरला. श्वास चालू होता. पापण्यांखालून पाणी येत होतं.

गालिचा शरद ऋतूत मागावरून उतरला, काठावर रजबअलींचं नाव घेऊन. ते हिवाळ्यात गेले. त्यांचा चाळिसावा दिवस झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी हाजी कोरा कागद घेऊन तूबाच्या दारात उभे राहिले. "बागेचा गालिचा आहे, पक्षी नाहीत," एवढंच म्हणाले.

तिनं शाळा सोडली नाही. सकाळी पोरी, दुपारी कागद, असं तिनं एकोणतीस वर्षं केलं. पुढं रंग मिळायला लागले तरी पेन्सिलच वापरली. केरमानचे नक्षीवाले हसायचे, ती हसू द्यायची. फक्त एक नेम ठेवला होता: पट्टी झाली की आधी माझ्याकडे यायची, कागद माझ्यासमोर धरायची आणि म्हणायची, "खावरखाला, वाचू नका. नुसतं बघा."