सगळ्यांसाठी वाचलेली सातवी अट

कपिरिंबेच्या नगरपालिकेतल्या टेंडरच्या पेटीला दोन कुलपं होती, आणि त्या दोन्ही कुलपांपेक्षा पक्का होता पेटीशेजारच्या खुर्चीत बसणारा लास्टन कलिवो. हाडकुळा, गळ्यापर्यंत गुंड्या लावलेला, कॉलर झिजली की उलटवून शिवून घेणारा माणूस. पालिकेला खडू हवे असोत, गटाराची झाकणं हवी असोत की अख्खा पूल, बंद पाकिटं त्याच्यासमोर पेटीत पडायची. भिंतीवरच्या घड्याळात दहा वाजले की तो पेटीच्या फटीवर पत्र्याची पट्टी सरकवायचा. मग दारात प्रत्यक्ष बिशप येऊन उभा राहिला तरी पाकीट आत जात नसे.

या माणसाला एक खोड होती. साडेनऊ झाले की तो उठून उभा राहायचा आणि टेंडरच्या सगळ्या अटी, पहिलीपासून बाविसावीपर्यंत, मोठ्यानं वाचायचा. वरून तसा हुकूम नव्हता. अटी भिंतीवर लावलेल्या असत, कागदांत छापलेल्या असत. पण कलिवो म्हणायचा, ज्याला वाचता येत नाही त्याला त्या भिंतीचा काय उपयोग? ऐकत मात्र काळं कुत्रं नसे. ठेकेदार फोनवर बोलत, जांभया देत, एकमेकांना कोपरखळ्या मारत. "झालं, प्रार्थना सुरू झाली!" असं कुणीतरी म्हणायचं आणि सगळे खिदळायचे. असं सव्वीस वर्षं चाललं. माझ्यासारखा असता तर तिसऱ्या दिवशी कागद टरकावून घरी गेला असता.

त्या वर्षी पालिकेच्या दवाखान्याला चादरी हव्या होत्या, आणि बायकांच्या गटांनाही भाग घ्यायची मुभा पहिल्यांदाच मिळाली होती. म्हणून एस्तेरे म्कांदा आली. सोबत तिची मैत्रीण दोरिका होती. अकरा जणींचा गट, बहुतेक विधवा. सगळ्याजणी आधी रस्त्याकडेला हातोडीनं दगड फोडून खडी करायच्या. एस्तेरेच्या डाव्या अंगठ्याचं नख त्या कामातच गेलं ते परत आलं नाही. चर्चच्या खोलीत जुन्या पायमशीनवर दोन वर्षं शिवण शिकून त्यांनी गट काढला आणि नाव ठेवलं ‘तियामिके’, म्हणजे आभार मानू या. कशाचे आभार, ते अजून ठरायचं होतं! पाद्रीबाबांनी बजावलं होतं, की ईस्टरपर्यंत काम मिळालं नाही तर खोली रिकामी करा. म्हणजे हे टेंडर मिळालं तर वर्षभराचं शिवण, नाही तर पुन्हा हातोडी.

साडेनऊ वाजले. कलिवो उभा राहिला, चष्मा लावला, कागद उचलला.

"कागद उलटा धरलाय, अगोगो!" शहरातला मोठा व्यापारी चिसाले ओरडला. अगोगो म्हणजे आजोबा. सगळे हसले.

"मला तो दोन्ही बाजूंनी येतो," कलिवो म्हणाला. त्यानं कागद सुलटा केला आणि सुरुवात केली.

तेव्हा एस्तेरे आणि दोरिका सिमेंटच्या फरशीवर पाय दुमडून खाली बसल्या. त्यांच्या गावची रीतच तशी होती. वडीलधारं माणूस उभं राहून बोलायला लागलं की बाईमाणसानं खाली बसून ऐकायचं. पालिकेत ही रीत चालत नाही, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. चिसालेच्या माणसांना तर हसू आवरेना. एवढ्या मोठ्या दालनात दोघीच खाली बसलेल्या, मान वर करून, आणि कलिवो वाचतोय. वाचता वाचता तो क्षणभर थांबला. मग पुढे गेला.

"अट सातवी. नमुन्याच्या कापडावर पुरवठादाराचं नाव, खूण किंवा चिन्ह असता कामा नये. असल्यास पाकीट न उघडता बाद होईल."

एस्तेरेच्या मांडीवरच्या गाठोड्यात नमुन्याची चादर होती, आणि चादरीच्या कडेला दोरिकानं लाल दोऱ्यानं, साखळी टाक्यात, सुबक भरलं होतं: तियामिके. दोन संध्याकाळी खपून. आपल्या हातचं काम आहे, नाव नको का घालायला?

"दोरिका, उसव."

"काय?"

"नाव उसव! ऐकलं नाहीस का?"

साखळी टाक्याचं एक बरं असतं. शेवटचा टाका सोडून दोरा ओढला की सगळी ओळ सरसर सुटते. पण दोरिकानं प्रत्येक अक्षर वेगळं भरून प्रत्येकाला घट्ट गाठ मारली होती.

"कुणी सांगितलं होतं इतकं पक्कं भरायला?" एस्तेरे दात आवळून पुटपुटली.

"तूच! म्हणालीस, दवाखान्याचं धुणं आहे, दणकट कर."

पदराच्या गाठीतलं ब्लेड निघालं. एकेक गाठ कापत सगळी अक्षरं निघाली तेव्हा दहाला बारा मिनिटं होती. पण कापडावर सुईची भोकं राहिली होती, आणि त्या भोकांत नाव स्वच्छ वाचता येत होतं. त्यावर इलाज असतो. पाण्याचं बोट लावून नखानं घासलं की सुती कापडाचे धागे परत जवळ येतात. पण पाणी कुठे होतं?

एस्तेरे कलिवोपाशी गेली. "अबाम्बो, थोडं पाणी मिळेल?" अबाम्बो म्हणजे बाबा.

कलिवोच्या टेबलाखाली त्याचा मातीचा घडा होता. त्यानं घड्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, मग दालनभर नजर फिरवली. एकट्या बाईला पाणी दिलं तर उद्या कुणी म्हणायचं, कलिवोनं एकाला मदत केली. तो उठला, घडा उचलून दालनाच्या मधोमध आणून ठेवला, पेला उपडा घातला आणि खणखणीत आवाजात म्हणाला:

"सर्वांना कळवण्यात येतं की पाणी ठेवलेलं आहे. ज्याला हवं त्यानं घ्यावं."

"साबण पण ठेवा, अगोगो!" चिसाले म्हणाला.

"असता तर तोही सगळ्यांना मिळाला असता."

दोघींनी पाणी घेतलं. एस्तेरेनं उजव्या अंगठ्याच्या नखानं घासलं. डाव्याला नख होतंच कुठे? दहाला तीन मिनिटं असताना कलिवोनं नमुन्यावर आकड्याची चिठ्ठी चिकटवली, त्यांचं पाकीट पेटीत पडलं, आणि मग पट्टी सरकली.

तीन आठवड्यांनी तियामिकेचं नाव जाहीर झालं. अकरा जणींनी जिभा हलवून असा काही उलुलु केला की वरच्या मजल्यावरचे साहेब जिन्यात आले. दुसऱ्या दिवशी एस्तेरे कलिवोकडे कोंबडी घेऊन गेली.

"परत ने," तो म्हणाला. "मी तुला काही दिलेलं नाही. मी सगळ्यांसाठी वाचलं."

"पण ऐकलं मी एकटीनंच ना!"

"मग तुझ्या कानांना खाऊ घाल."

कोंबडी सायकलवर बसून आली तशी परत गेली. पुढे सुके मासे परत गेले, शेंगदाणे परत गेले. आभार मानायला निघालेली बाई, आणि घेणारा घ्यायलाच तयार नाही. चार वर्षं एस्तेरे त्या ओझ्यानं तळमळत होती.

मग कलिवो निवृत्त झाला. दुसऱ्याच सकाळी ती हाक मारत त्याच्या अंगणात हजर. तो दारापाशी बसला होता. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेले.

"कोण? म्कांदाबाई? कुठलं टेंडर चालू आहे का?"

"नाही. आणि तुम्ही आता पालिकेचे नाही. आता कसे परत पाठवता ते बघते!" तिनं त्याच्या मांडीवर घडी केलेली चादर ठेवली.

त्याची बोटं कापडावरून फिरत कडेला आली आणि थांबली. तिथं साखळी टाका होता. एकेक अक्षर चाचपत त्यानं पुरतं नाव वाचलं. लास्टन कलिवो.

"हे उसवायचं नाही ना?" त्यानं विचारलं.

"दोरिकानं प्रत्येक अक्षराला गाठ मारलीय."

आतून त्याची बायको एनिफा आली. "अमायी, बाई, तुम्हीच का त्या? अहो, त्या संध्याकाळी हे माणूस घरी आलं ते ताटातल्या मक्याच्या न्सिमाला हातसुद्धा लावेना. सारखं एकच. एनिफा, आज दोघी जणी खाली बसल्या गं ऐकायला. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. तुमचं नाव माहीत नव्हतं, तरी मी रात्री तुमच्यासाठी प्रार्थना केली."

काय काय बोलायचं ते एस्तेरे वाटेत ठरवून आली होती, सगळं विसरली. ती अंगणातच पाय दुमडून खाली बसली.

"वाचा, अबाम्बो," ती म्हणाली. "पहिलीपासून."

कलिवो खुर्चीच्या पाठीला धरून उठला, गळ्याची गुंडी लावली, चादर छातीशी धरली आणि सुरू झाला. कागद लागलाच नाही.