नानांना नाही म्हणवलं नाही

दवाखान्यातून फोन आला तेव्हा मी पाण्याचा पेला तोंडाला लावला होता. नाना गेले, एवढंच कानावर पडलं. पेला मोरीत ओतला.

नाना माझे थोरले दीर. देवपुरात एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत त्यांची नोकरी झाली, आणि रिटायर झाल्यावरही तपासायची सवय सुटली नाही. आमच्या गल्लीला धरणाचं पाणी काही दिवसांआड येतं. नळ आला की ते काचेच्या नळीत पाणी धरत, औषधाचे थेंब टाकत. पिवळसर झालं की समजायचं, क्लोरीन आहे. या उन्हाळ्यात एका सकाळी पाण्यानं रंगच धरला नाही. त्यांनी तीनदा करून पाहिलं. एरवी माझ्याशी शुद्ध बोलणारे नाना हलक्या आवाजात घरच्या बोलीत म्हणाले, "सुमन, पानी खराब शे. उकळल्याशिवाय कुणाला देऊ नको." त्या आवाजानंच मी घाबरले.

त्याच आठवड्यात गल्लीत दोघांना कावीळ झाली. नाना पालिकेच्या कचेरीत गेले, तर टाकीवरचा नमुना चांगला असल्याचं सांगण्यात आलं. टाकीवर असेल, पण पुढे पाइप गटाराखालून येतो, हे त्यांनी परोपरीनं सांगून पाहिलं. मग भर उन्हात घरोघर फिरले, पाणी उकळा म्हणून. गल्लीच्या टोकाला एकट्या राहणाऱ्या सखूआजींनी त्यांच्यापुढे माठातलं पाणी धरलं, आणि नाना ते प्यायले. घरी आल्यावर त्यांनीच सांगितलं. मी चिडले.

"म्हातारीनं दोन्ही हातांनी पेला पुढे केला," ते म्हणाले. "नाही कसं म्हणू?"

महिनाभरानं त्यांचे डोळे पिवळे दिसले. त्याच पाण्यानं झालं की आणखी कुठल्या, कोण सांगणार... आठ दिवसांत यकृतानं साथ सोडली. तेरावं झालं आणि मग रस्ता खोदला गेला. पाइपाला भोक होतं, गटाराचं पाणी त्यात झिरपत होतं. आता नवा पाइप आहे. सखूआजी ठणठणीत आहेत. त्या पेल्याचं मी त्यांना सांगितलेलं नाही, सांगणारही नाही.

आता थेंब मी टाकते. पाणी पिवळं होतं, तरी उकळते. पण भीती जात नाही. परवा आजी उन्हातून आल्या, ओट्यावर टेकल्या, पाणी मागितलं. मी पेला भरला, आणि त्यांच्यासमोर आधी अर्धा स्वतः प्यायले.