गालाला लावलेला खडा

चांदीत जेडचे हिरवे खडे बसवायचं काम मी अकोल्यात शिकले. शिकवणारे कारागीर माझ्या सासऱ्यांच्या वयाचे, बोलायला कंजूस. खडा खरा की काच, हे ओळखायला त्यांनी माझ्या हातात भिंग दिलं. काचेत हवेचे बारीक बुडबुडे दिसतात, जेडमध्ये धुरकट धागे. खरा खडा गालाला गार लागतो, तेही त्यांनीच सांगितलं, पण लगेच म्हणाले, "हे गिऱ्हाइकाले दाखवाले ठीक हाय. आपन भिंगच पायचं."

पुढे आम्ही अमरावतीला आलो आणि राजापेठेत एका ट्यूशन क्लासच्या वरच्या खोलीत मी टेबल मांडलं. पत्रा कापणं, कोंदण वळवणं, घासणं, चमकवणं, सगळं मीच करते. माणसांशी बोलणंही मीच करते, आणि तिथेच घोळ होतो. माझा स्वभाव तिखट. दिवसभर मान मोडून काम केल्यावर कुणी "मशीनचं आहे का?" असं विचारलं की माझं डोकं फिरतं.

वलगावची माझी मावशी भाजी पिकवते आणि विकते. सगळ्या नातेवाइकांत माझ्या कामाला रिकामा उद्योग न म्हणणारी ती एकटीच. एका मे महिन्यात बाजार आटोपून ती थेट माझ्याकडे आली. तिला स्वतःसाठी हिरव्या खड्याची अंगठी हवी होती. तिनं स्वतःसाठी काही मागितलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. मी जवळचा सगळ्यात चांगला खडा निवडून तिच्या तळहातावर ठेवला.

तिनं तो उलटासुलटा करून पाहिला. "काच तं नाई ना वं? सून म्हने, असे खडे जत्रेत ढिगानं भेटते."

राग आलाच. भिंग दिलं, तर मोतीबिंदूमुळे तिला काही दिसेना. मग म्हटलं, गालाला लाव, खरा असला तर गार लागेल. तिनं लावला.

"गरम हाय," ती म्हणाली.

गरमच असणार. वर स्लॅब तापलेला, कूलर बंद पडलेला, शेजारी माझा गॅस पेटलेला. त्या खोलीत लोखंडसुद्धा गार नव्हतं. हे तिला समजावून सांगायला दोन मिनिटं लागली असती. पण सूनबाईचं ते वाक्य माझ्या डोक्यात बसलं होतं. "थांब, चहा ठेवते," म्हणून मी खडा घेऊनच आत गेले आणि तो माठात सोडला. चहा झाल्यावर काढला, पुसला आणि कपाबरोबर तिच्या हातात दिला.

"मायबाई! बरफच हाय हा तं!" म्हणून ती हसली.

अंगठी मी मन लावून केली. ती तिनं भाजीच्या जुड्या बांधतानाही कधी काढली नाही. येईल त्याला अंगठी दाखवायची आणि गालाला लावून पारख कशी करायची तेही शिकवायची. मला तेव्हा ते ऐकून बरंच वाटायचं.

डिसेंबरात ती पुन्हा आली, कागदाची पुडी घेऊन. आत हिरव्या खड्याचं पदक. नातीच्या लग्नात तिच्या गळ्यात घालायचं होतं; व्याह्यांना फोनवर अस्सल म्हणून सांगूनही झालं होतं.

"सकाळीच फेरीवाला आलता गावात. म्या गालाले लावून पायलं. तुह्या खड्याहून गार!"

भिंगाची गरजच नव्हती, तरी लावलं. बुडबुडेच बुडबुडे. डिसेंबरातल्या सकाळी वलगावात दगड, काच, नळाची तोटी, सगळंच गार असतं.

गप्प बसणं सोपं होतं. पण व्याह्यांकडच्या कुणी ओळखलं असतं तर भर मांडवात मावशीची मान खाली गेली असती. मी सांगितलं, काच आहे.

"पन गार तं लागलं ना."

मग माठाचंही सांगावं लागलं; तुझा खडा खराच होता, हेही म्हटलं.

ती रागावली असती तर परवडलं असतं. तिनं पदक परत पुडीत गुंडाळून टेबलावर ठेवलं. मला इतकी लाज वाटली की मी उगाच टेबलावरची हत्यारं सरळ करू लागले.

"कालच्या भाजीवर पानी मारा लागते वं," ती म्हणाली. "तुही तं आजची होती म्हनतं. मंग पानी कावून मारलं?"

मी म्हटलं, नातीसाठी नवं पदक मी करून देते, लग्नाआधी देते, माझ्याकडून. ते तिनं ऐकलं की नाही कळलं नाही. सुजलेल्या पेरावरून तिनं अंगठी फिरवत फिरवत काढली आणि त्या पुडीशेजारी ठेवली.

"अन् हे काय हाय, ते आता मी कोनाले इचारू?"

अंगठी अस्सल होती. ते पुन्हा सांगायचं तोंड मला उरलं नव्हतं.