भाऊसोचं झाड

आटपाडीकडच्या माळावर सत्तर उन्हाळे काढलेल्या धोंडुबाईला पाणी फेकून देणं काही कधी जमलं नाही. तांब्यात घोटभर उरलं तरी ते कुणाच्या तरी तोंडाला नाहीतर मुळाला लागायचं. मेंढरांमागं कृष्णाकाठापर्यंत भटकताना ती आधी कोकरांना पाजायची, मग स्वतः प्यायची. पुढं मेंढरं गेली, कालव्याचं पाणी आलं आणि घरामागं चारशे डाळिंबं उभी राहिली. ती लावली तिच्या सुनेनं, मायानं.

मुलगा भाऊसो मदुराईला गलाईच्या दुकानात सोनं वितळवायचा आणि शेती फोनवरून करायचा. फोनवरून शेती फार छान होते. पायाला माती लागत नाही. त्यानं सांगूनच ठेवलं होतं, पहिला बहार फसला तर बाग मोडायची आणि दोघींनी मदुराईला यायचं. तिथली खोली धोंडुबाईनं एकदा पाहिली होती. खिडकी उघडली की समोर भिंत. त्या भिंतीच्या नुसत्या आठवणीनं तिचा जीव गुदमरायचा.

डिसेंबर लागला आणि मायानं ठिबकचा कॉक बंद केला.

"आत्या, आता पस्तीस दिवस पाणी न्हाई. ताण द्यायचा."

धोंडुबाई हबकलीच. "दारात पाणी असून तान्हेली ठेवायची व्हय गं?"

"आवं, पाणी मिळत ऱ्हायलं की झाड नुसता पाला वाढवतंय. पाणी तोडलं की वाढ थांबवतंय, पानं टाकतंय, हाय ते फांदीत साठवून ठेवतंय. मग पाणी सोडलं की फुलावर येतंय. डाळिंबाच्या शिबिरात सांगितलंय आमाला."

शिबिरवाल्यांना धोंडुबाईनं मनातल्या मनात चार शिव्या हासडल्या. पण सुनेच्या कामात ढवळाढवळ करायची नाही, हा तिचा बाणा होता.

विसाव्या दिवशी पानं मुडपली. पंचविसाव्याला पिवळी पडून गळायला लागली. धोंडुबाईला घास गोड लागेना. नेमका तेव्हाच भाऊसोनं व्हिडिओ कॉल लावला आणि बाग बघून ओरडला, "आये, झाडं मारताय काय? त्यो कॉक सोडा आदी!" मग एकदम थांबला. "ते बघ, न्हाणीजवळचं झाड कसं हिरवंगार हाय! सगळी तशी ठेवा की!"

माया चक्रावली. चारशे झाडांत एकच हिरवं कसं? धोंडुबाईच्या मात्र लगेच ध्यानात आलं. भांडी विसळलेलं पाणी ती रोज त्याच झाडाच्या बुडात ओतत होती. याला पाणी देणं म्हणतात, हे तिच्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं.

तिकडं मायाचा हात कॉककडं निघाला होता. एकीकडून पानं गळतायत, दुसरीकडून नवरा ओरडतोय, कुणाचाही धीर सुटावा. धोंडुबाई मात्र सरळ एका बोडक्या झाडापाशी गेली आणि नखानं फांदीची साल खरवडली. आत हिरवं होतं, ओलं होतं. दुष्काळात मेंढरू बसलं की ती त्याची पापणी ओढून बघायची. आत लाली असली तर ते उठणार, हे तिला ठाऊक होतं.

ती परत आली, हिसका देऊन कॉकची मूठ उपसली आणि कमरेच्या चंचीत टाकली.

"दे फोन हिकडं. भाऊ, ते हिरवं झाड तुजं. तू म्हणतोस तसं त्याला मी रोज पाजते. बाकीची समदी मायाची. शिवरात्रीला ये आन् बघ. पस्तीस दिस भरल्याबिगर ह्यो कॉक कुणी सोडायचा न्हाई."

पुढचे दहा दिवस तिनं कसे काढले, ते तिलाच ठाऊक. बागेतून जाताना तिला झाडांच्या तोंडाकडं बघवत नव्हतं. हात सारखा चंचीकडं जायचा आणि ती तो मागं घ्यायची. रोज मात्र न चुकता एका झाडाला पाणी पाजायची, बाकीच्यांकडं पाठ करून.

पस्तिसाव्या दिवशी तिनं स्वतः मूठ बसवली. नळ्या फुरफुरल्या, बुडं भिजली. धोंडुबाई तिथंच बांधावर बसून पदरात रडली.

शिवरात्रीला भाऊसो आला तो खिशात मदुराईची तीन तिकिटं घेऊनच. घराला वळसा घालून मागं गेला आणि उभाच राहिला. फांदीफांदीवर लालभडक फुलं, मधमाश्यांचा नुसता धुमाकूळ. आपल्या झाडाभोवती त्यानं दोन फेऱ्या मारल्या. पाला दाट, तुकतुकीत. तो पाला बाजूला सारून सारून बघत राहिला.

"एक कळीबी न्हाई, आये?"

"न्हाई. खोटं वाटतंय तर आणि एक फेरी मार."

माया पदराआड हसली. भाऊसोनं तिकिटांचा विषय काढला नाही.

तिसऱ्या दिवशी तो एकटाच निघाला. निघताना पाणी प्यायला आणि तांब्यात उरलेलं त्यानं नकळत आपल्या झाडाच्या बुडात ओतलं.

"पाज, पाज," पायरीवरून धोंडुबाई म्हणाली. "डिसेंबर लागला की त्याचंबी बंद."